यार्डात हरवलेली गाडी

चाकणच्या रस्त्यांवर दिवसरात्र दिसतात ते हे दुमजली ट्रेलर. वर-खाली कोऱ्या गाड्या. काही बंदराकडे निघालेल्या, काही डीलरकडे. उशीर झाला की खापर रस्त्यावर फुटतं. इथली कोंडी बघता ते साफ खोटंही नाही. पण खोळंबा बऱ्याचदा त्याआधीच सुरू झालेला असतो, कोऱ्या गाड्या उभ्या करायच्या यार्डात.

पाहा, एकाच मॉडेलच्या, एकाच पांढऱ्या रंगाच्या गाड्यांच्या रांगा. ट्रेलरवर चढवायची आहे यातली नेमकी एक. ओळख फक्त चेसिस नंबरची: सतरा अंक-अक्षरं. एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणून त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं मुळी वापरतच नाहीत. तरी भर उन्हात काचेवर डोळे लावून नंबर जुळवत फिरायचं, म्हणजे घामटं निघतं. दसरा तोंडावर आला, की तिकडे डीलरचे फोन सुरू.

मग गाडीला टॅग लावून तिलाच जागा सांगायला लावली तर? आपल्या काचेवरच्या फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडरच्या लहरींवरच तो जागा होतो आणि काही मीटरवरून नंबर सांगतो. फाटकावर तेवढं पुरतं, मोकळ्या यार्डात नाही. तिथे बॅटरीवाला टॅग लागतो. गाडीच्या आरशाला अडकवलेला हा टॅग ठरावीक वेळाने संदेश सोडतो आणि खांबांवरचे अँटेना तो टिपतात. कोणत्या अँटेनाला संदेश किती आधी पोचला, त्या फरकावरून जागा काढता येते. रेडिओलहर एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात साधारण 30 सेंटिमीटर जाते. म्हणजे अँटेनाचं घड्याळ असे दहा भाग चुकलं, तर हिशेबात तीन मीटरचा घोळ. गाडी शेजारच्या रांगेत दिसणार! त्यातून चहूकडे पत्रा. लहरी त्यावर आपटून परततात आणि हिशेब आणखी बिघडवतात.

ट्रेलरला जीपीएस आहेच की, असं कुणी म्हणेल. आहे, पण तो ट्रेलरचा पत्ता सांगतो. पाठीवर कोणती गाडी आहे, हे त्याला ठाऊक नसतं. गाडी चढवताना तिचा चेसिस नंबर ट्रेलरच्या नंबराशी जोडला, तरच डीलरला आपली गाडी कुठवर आली ते कळतं.

आणि ही जोडणी माणसाच्या हातात आहे, तशीच टॅग आणि चेसिस नंबराचीही. फाटकावर टॅग काढून घेतात, पुढच्या गाडीला लावतात. जुना नंबर सोडवायचा राहिला, की कधीच रवाना झालेली गाडी संगणकावर अजून यार्डातच उभी. मग यंत्रणा कितीही महागडी असो, ती गाडी शोधायला रांगांमधून पायीच फिरावं लागतं.