रक्त गेलं कुठे?

(अमळनेर येथे वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय लांबलचक छापलाय : मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं निदान चुकलं किंवा लांबलं, तर कायद्याची मदत कशी घ्यायची. त्यावर बोलणारच आहे. पण ग्राहक आयोगात अशी प्रकरणं चालवताना एक गोष्ट मनात पक्की बसली आहे, ती आधी सांगू द्या. आपल्याकडे ‘रक्त कमी आहे’ एवढं म्हटलं की निदान झालं असं समजतात, डॉक्टरही आणि घरचेही. अहो, रक्त कमी आहे, तर ते गेलं कुठे? हे कुणीतरी विचारायला नको का?

शौचावाटे रक्त दिसलं तर खान्देशात पहिला आरोपी मिरची. शेवभाजी झणझणीत झाली होती, भरताला मिरच्या जास्त पडल्या. हसताय, म्हणजे तुमच्याही घरात हेच बोलतात! दुसरा आरोपी मूळव्याध. धुळ्याहून जळगावला येताना रस्त्याकडेच्या पाट्या वाचा : मूळव्याध, भगंदर, ऑपरेशनविना हमखास इलाज. तिथे जाऊन आलेल्या माणसाला मी एकच विचारतो, तुम्हाला कुशीवर झोपवून बोटाने आतून तपासलं का? गुदाशयातली गाठ कितीदा तरी नुसत्या बोटाला लागते. त्या तपासणीला यंत्र लागत नाही, हातमोजा लागतो. आणि बहुतेकांचं उत्तर ‘नाही’ असतं. मला याचा राग येतो.

पारोळ्याकडच्या एका मावशींचं सांगतो. गाव सांगत नाही, दवाखानाही नाही. वय ५५, पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली. कापूस वेचताना अर्ध्या ओळीतच बांधावर बसायच्या. डॉक्टरांना सांगायच्या, ‘जीव घाबरस, पाय उचलत नहीत.’ हिमोग्लोबिन ९.१. लोहाच्या गोळ्या दिल्या. काही महिन्यांनी ७.८. मग सलाइनमधून लोह. मग ६.४, आणि रक्ताच्या दोन बाटल्या. दर वेळी थोडी तरतरी यायची आणि घरचे म्हणायचे, गुण आला.

पाळी चालू असलेल्या बाईचं लोह कमी झालं तर कारण समोर असू शकतं. पण पाळी गेलेल्या बाईचं किंवा पुरुषाचं लोह असं घटत राहिलं, तर पोटात कुठे रक्त झिरपतंय का ते बघायचं, हे वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकातलं साधं शिक्षण आहे. मोठ्या आतड्याचा उजवा भाग रुंद असतो आणि तिथला मळ पातळ. तिथे गाठ झाली तर वाट लवकर अडत नाही. रक्त थोडं थोडं मळात मिसळतं, डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. मावशींची गाठ तिथेच होती. नाशिकला कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीत ती सापडली आणि सीटी स्कॅनमध्ये यकृतावरही डाग दिसले.

त्यांचा मुलगा माझ्याकडे आला तो कपाशीच्या बियाण्याची रिकामी पिशवी घेऊन. आत सगळं कोंबलेलं. लॅबचे रिपोर्ट, मेडिकलची बिलं, तळहाताएवढ्या चिठ्ठ्या. चिठ्ठ्यांवर गोळ्यांची नावं, तारीख नाही. एका बिलाला हळदीचा डाग. समोरच्या वकिलांनी मांडलं की दुर्बीण करून घ्या असं तोंडी सांगितलं होतं, पेशंट परत आलाच नाही. मी बिलं तारखेने लावली. दवाखान्याच्याच आवारातलं मेडिकल, आणि लोहाच्या औषधांची बिलं महिन्यामागून महिना. पेशंट येत होता. केसपेपरवर मात्र दुर्बिणीचा शब्दही नव्हता. निकालाआधी मावशी गेल्या, वारस म्हणून मुलाने प्रकरण पुढे चालवलं. आयोगाने भरपाई मंजूर केली. गाठ दिसली नाही म्हणून दोष दिला नाही बरं का. हिमोग्लोबिन ६.४ वर आलेलं असताना शोधच घेतला नाही, म्हणून दिला.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. भराभर सांगतो.

आधी उपचार. कोर्टासाठी केमो थांबवू नका. पण कागद त्याच आठवड्यात मागा. भरती रुग्णाचे कागद तीन वर्षं जपायचे आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे, असं वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांत आहे. अर्ज लेखी करा, पोच घ्या. बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक, म्हणजे गाठीचे काचेवर आणि मेणात जपलेले तुकडे, कुठे आहेत तेही विचारून ठेवा.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी तुम्ही आलात. दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. पहिली, त्या जागी साधारण कौशल्याचा डॉक्टर असता तर त्याने काय केलं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात ही कसोटी सांगितली. निदान चुकलं म्हणजे लगेच हलगर्जी ठरत नाही. दुसरी, उशिरामुळे काय बदललं. पहिल्या भेटीतच कॅन्सर यकृतात पोहोचलेला असेल तर भरपाईचा दावा लंगडा पडतो, हे मी पहिल्याच दिवशी तोंडावर सांगतो. त्यासाठी कॅन्सरच्या डॉक्टरांचं लेखी मत मिळवा. तज्ज्ञाचं मत प्रत्येक प्रकरणात लागतंच असं नाही, हे न्यायालयाने २०१० मध्ये किशन राव प्रकरणात म्हटलंय. पण निदान लांबल्याच्या प्रकरणात त्यावाचून अडतं.

जायचं कुठे? पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, हे १९९५ च्या शांता प्रकरणापासून पक्कं आहे. बिल विम्याने भरलं तरी तुम्ही ग्राहकच. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, त्या सरकारी दवाखान्याविरुद्ध हा मार्ग नाही. तिथे दिवाणी न्यायालय. २०१९ च्या कायद्याने राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दवाखाना मुंबईचा असला तरी तुम्ही जळगावलाच दाखल करा. उपचारासाठी तुम्ही दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. मुदत दोन वर्षं. निदान कळल्यापासून ती मोजावी असं आम्ही मांडतो, पण त्यावर विसंबून बसू नका. पोलिसांत धावू नका. फौजदारीला फार ढोबळ हलगर्जी लागते. महाराष्ट्र वैद्यक परिषद डॉक्टरांच्या नोंदणीवर कारवाई करू शकते, पैसे देववत नाही. आणि निकाल लागला तरी समोरचे ४५ दिवसांत राज्य आयोगात अपिल करू शकतात. त्यांना मंजूर भरपाईची निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

वकिलाची फी झेपत नसेल तर इथल्याच न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००. आता प्रश्न घेतो. मागच्या रांगेतल्या ताई, तुम्ही आधी विचारा.