साबणाची रेघ काळी पडेपर्यंत: सोलापुरात घडलेली एक कॅफे रेसर

[अक्कलकोट रस्ता एमआयडीसी. शेडच्या आत, दुपार. गॅसची ज्योत.]

लोखंड तापलं की लाल होतं, डोळ्यांना कळतं. ॲल्युमिनियम तसं काही कळू देत नाही. ६६० अंशांना ते एकदम वितळतं आणि तोवर त्याचा रंग होता तसाच राहतो. म्हणून या शेडचे कारागीर अण्णा पत्र्यावर आधी धुण्याच्या साबणाची वडी घासतात आणि मग ज्योत फिरवतात. साबणाची रेघ पिवळट होते, तपकिरी होते, शेवटी काळी पडते. काळी पडली की ज्योत बाजूला. पत्रा मऊ झाला.

गार झाल्यावर तो वाळूच्या पिशवीवर ठेवायचा आणि लाकडी हातोडीनं ठोकायला घ्यायचा. ठोकता ठोकता पत्रा पुन्हा कडक होतो. हातोडीचा आवाज टणक येऊ लागतो, तेव्हा अण्णा थांबतात. पुन्हा साबण, पुन्हा ज्योत. घाई केली तर पत्र्याला चीर जाते आणि सगळी मेहनत वाया.

दीड मिलिमीटर जाडीच्या या पत्र्याची कॅफे रेसरची, म्हणजे शर्यतीच्या गाडीचा आकार दिलेल्या रस्त्यावरच्या मोटारसायकलची, टाकी होणार आहे. लांब, अरुंद, दोन्ही बाजूंना गुडघे बसतील अशी खोलगट. शेजारच्या शेडमध्ये जॅकार्डच्या लूमवर चादरी विणल्या जातायत. त्या खटखटाटात अण्णांना स्वतःच्या हातोडीचा आवाज वेगळा ऐकू येतो, हे आम्हाला इथं बसल्यावर हळूहळू पटलं.

[स्टँडवर उघडी चासी. टाकी नाही, सीट नाही.]

खाली गाडी आहे ती जुनी बुलेट ३५०. कास्ट आयर्नचा सिलिंडर, उजव्या पायाला गिअर, वेगळा गिअरबॉक्स. पिस्टनचा व्यास ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे त्याची वर-खाली धाव, ९०. हे इंजिन उंच आहे, संथ आहे, कमी फेऱ्यांना (आरपीएमला) ओढतं. ताकद जेमतेम १८ हॉर्सपॉवर. १९५५ मध्ये मद्रासला या गाडीची जुळणी सुरू झाली ती मुख्यतः लष्करासाठी. शर्यतीसाठी तिला कुणी बनवलं नव्हतं.

मग तिच्यावर शर्यतीच्या गाडीचा आकार का चढवायचा? नुसतं दिसायला छान म्हणून चढवायचा असेल तर बाजारात फायबरची टाकी मिळते, सीटमागचा उंचवटा मिळतो, आणून बसवला की झालं. अशा गाड्या आपण रोज बघतो. पण त्या आकाराची प्रत्येक रेषा कुणाच्या तरी गरजेतून आलेली आहे. ती गरज समजून घेतल्याशिवाय गाडी घडवायला घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. अण्णा ती समजून घेतात, म्हणून आम्ही इथं आलो.

[जुनी छायाचित्रं.]

आयल ऑफ मॅन. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधलं बेट. १९०७ पासून इथं टीटी नावाची मोटारसायकल शर्यत होते. डोंगरावरून जाणारी तिची फेरी जवळपास ६० किलोमीटरची, आणि तीही गावांमधून, घरांच्या भिंतींना खेटून. १९५० मध्ये नॉर्टन कंपनीनं या शर्यतीत नवी चासी उतरवली. बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेस यांनी ती आखली होती. त्या वर्षीची सीनिअर टीटी जेफ ड्यूक यांनी याच गाडीवर जिंकली. वळणावर ही चासी इतकी भरवशाची होती की पुढं लोक तिच्यात ट्रायम्फचं दोन सिलिंडरचं इंजिन बसवू लागले. घरच्या गॅरेजमध्ये जन्मलेली ही गाडी म्हणजे ट्रायटन.

ट्रायटन बनवणारी पोरं कारखान्यांत राबणारी होती. दिवसभर काम, रात्री हमरस्त्यावरच्या कॅफेत चहा. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरचा एस कॅफे १९३८ पासूनचा. ताशी १०० मैल, म्हणजे आपल्या हिशेबात १६० किलोमीटर, हे त्यांचं स्वप्न. शर्यतीची गाडी विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी रस्त्यावरच्या गाडीला शर्यतीच्या गाडीसारखं घडवलं. त्यात काही पोरांनी रस्त्यावर जीवही गमावला, हेही इथंच सांगायला हवं. पुढं कंपन्यांनाही या आकाराची दखल घ्यावी लागली. १९६४ मध्ये रॉयल एनफिल्डनं कॉन्टिनेंटल जीटी आणली, २५० सीसीची, कारखान्यातूनच तशी बनून आलेली.

आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी होती. तिथं अनेक वर्षं शर्यती झाल्या.

[अण्णा हँडल बसवतायत. जवळून.]

आता हँडल बघा. मूळ गाडीला एकच लांब दांडा असतो, उंच, छातीसमोर. इथं दोन आखूड तुकडे आहेत आणि ते थेट पुढच्या शॉकअपच्या नळ्यांना आवळलेत. त्यामुळे अंग पुढं झुकतं. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो. १८ हॉर्सपॉवरच्या इंजिनाला ताठ बसलेल्या माणसाची छाती म्हणजे शिडासारखी. ती वाऱ्याच्या वाटेतून खाली घेतली की त्याच इंजिनाला थोडं पुढं पळता येतं.

अंग झुकलं की पाय मागं न्यावे लागतात, नाहीतर कंबर मोडते. म्हणून पायदानं मागं आणि थोडी वर. वळणावर गाडी कलली तर ती जमिनीला घासतही नाहीत. पाय मागं गेले की गिअरचा लिव्हर लांब पडतो, मग मधे रॉड आणि दोन जॉइंट घालावे लागतात. हे जॉइंट अण्णांनी इथल्याच एका टर्नरकडून करून घेतलेत. तो माणूस एरवी लूमचे पार्ट बनवतो. त्याच्याकडे नकाशा नव्हता. अण्णांनी जुना रॉड दाखवला, बोटानं लांबी सांगितली. टर्नरनं कॅलिपर लावला आणि लेथ सुरू केली.

सोलापूरचं मला फार मोलाचं वाटतं ते हे. १८७७ मध्ये इथं पहिली कापडगिरणी निघाली. गिरण्या गेल्या, पॉवरलूम आले. पण यंत्र बंद पडलं तर पार्टची वाट बघत न बसता तो घडवायचा, ही सवय या गावाच्या हातात राहिली. टर्नर, वेल्डर, फिटर, पत्रेवाले सगळे हाकेच्या अंतरावर. गाडी एका माणसाची म्हणतात, पण तिच्यात निदान चौघांचे हात आहेत.

[टाकी चासीवर ठेवून मापं.]

गाडीचा मालक एक तरुण. घरचा टॉवेलचा धंदा. तो अधूनमधून येतो. अण्णा त्याला कच्च्या टाकीवर बसवतात.

"गुडघा कुठं टेकतोय?"

"इथं, अण्णा. जरा पुढं टोचतंय."

"मग तिथं आत घेतो. हनुवटी खाली कर बघू. आणखी. हां, बस."

हनुवटीच्या जागी अण्णा खडूनं खूण करतात. टाकी त्याच्या अंगाच्या मापानं होतेय. दुसरा कुणी बसला तर त्याला ती थोडी चुकीचीच वाटेल. टाकीवरून चामड्याचा एक पट्टा जाणार आहे. शर्यतीच्या नॉर्टनवर टाकी अशाच पट्ट्यानं बांधलेली असे. मागचा सीटचा उंचवटाही कामाचाच आहे. गाडीनं जोर घेतला की बसणारा मागं सरकतो, त्याला तिथं आधार मिळतो.

[सायलेन्सर.]

शर्यतीच्या गाडीचा सायलेन्सर कर्ण्यासारखा, शेवटाकडे रुंद होत जाणारा. जळलेल्या वायूच्या लाटा त्या रुंद तोंडापाशी उलटतात आणि ठरावीक फेऱ्यांना सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून काढतात. त्या फेऱ्यांना इंजिन जोरात पळतं. त्याच्या खाली मात्र अडखळतं. शर्यतीत हे चालतं, कारण तिथं कुणी सात रस्ता चौकात सिग्नलला थांबत नाही. अण्णांनी म्हणून बाहेरचा आकार ठेवला आणि आत जाळीची नळी घालून काचलोकर भरली. आवाज जाड आहे पण कानठळ्या बसवणारा नाही. शाळेवरून, दवाखान्यावरून जाताना लोकांनी शिव्या द्याव्यात अशी गाडी ते बनवत नाहीत.

कायद्याचा प्रश्नही आहेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसी बुकातला तपशील कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापासून बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये हेच उचलून धरलं. अण्णांनी चासीला कुठंही ब्लेड लावलेलं नाही. इंजिन तेच, दोन्ही नंबर तसेच. नवं जे आहे ते बोल्टवर आवळलेलं आहे. मूळ टाकी, हँडल, मडगार्ड, सगळं गोणपाटात बांधून माळ्यावर. आरटीओत विचारल्याशिवाय गाडी रोजच्या रस्त्यावर काढायची नाही, हे मालकाला पहिल्या दिवशीच बजावलेलं. छंदापायी चासी कापून टाकणाऱ्यांनी हा माळा एकदा येऊन बघावा.

[इंजिन उघडं. पिस्टन हातात.]

सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो. हवेवर गार होणाऱ्या इंजिनाला ती हवाच गरम मिळते. त्यात सिलिंडर लोखंडाचा आणि पिस्टन ॲल्युमिनियमचा. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. दोघांमधली जागा कमी ठेवली तर पिस्टन जाम होतो, जास्त ठेवली तर खडखडतो आणि ऑइल जाळतो. नवा पिस्टन बसवल्यावर पहिले काही शे किलोमीटर हळू चालवायचे ते यासाठी. शर्यतीचा आकार अंगावर असताना हळू चालवणं तरुण माणसाला जड जातं. अण्णा त्याला तसं सोडत नाहीत, पहिली चक्कर ते स्वतः मारतात.

[तुळजापूर रस्ता, पहाट. मागून चित्रण.]

शहरात ही गाडी त्रास देते, हे लपवण्यात अर्थ नाही. नवी पेठेतल्या गर्दीत सगळा भार मनगटांवर येतो, क्लच दाबून पंजा भरून येतो. हिप्परग्याचा तलाव मागं पडला आणि रस्ता मोकळा झाला की मग हिशेब जुळतो. ताशी सत्तरच्या पुढं समोरची हवा छातीला उचलू लागते आणि मनगटं हलकी होतात. घाटाच्या वळणांवर गुडघे टाकीच्या खोलगट जागेत घट्ट बसतात. खडूची ती खूण नेमकी कुठं होती, ते इथं दिसतं.

पुढच्या चाकाच्या ब्रेकला, म्हणजे ड्रमला, दोन कॅम आहेत, प्रत्येक शू रेटायला एक. चाक फिरतं त्या दिशेनं दोन्ही शू स्वतःहून ड्रमवर दाबले जातात, त्यामुळे ब्रेक जोरात लागतो. उतारावर त्याची परीक्षा झाली. एक केबल थोडी ढिली निघाली.

[पुन्हा शेड. गाडी स्टँडवर, इंजिन गार.]

परत आल्यावर अण्णा आधी ती केबल घेतात. मग ऑइल काढतात, बोटांवर चोळून उजेडात धरतात. लोखंडाची चकाकी आहे, पण बारीक, पहिल्या ऑइलमध्ये असायची तेवढी. नंतर टॅपेटचं झाकण उघडतात. पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारी दांडी, दोन बोटांत धरून फिरवून बघतात. नुसता फिरला पाहिजे, वर-खाली हलता कामा नये. इनटेकचा फिरतो. एक्झॉस्टचा अडतो. पाना घेऊन ते नट सैल करतात, थोडं फिरवतात, पुन्हा आवळतात, पुन्हा बोटांत धरतात.

"आता बघ तू," ते मालकाला सांगतात. "पुढच्या वेळी तुलाच करायचंय."