वाढणाऱ्या हातांसाठी

नमस्कार मंडळी. ज्यांचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालंय किंवा व्हायचंय, असे बरेच जण आज इथे आहेत. पण मला आज जास्त बोलायचंय ते त्यांच्या शेजारी बसलेल्यांशी. आई, सासूबाई, नवरा, बायको, जाऊबाई, घरात जे कोणी ताट वाढतं त्यांच्याशी. मी आहारतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर पेशंट माझ्याकडे येतात, आणि इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. सर्जनचं काम दोन-तीन तासांत संपतं. पुढची वीस-तीस वर्षं ते ऑपरेशन घरच्या स्वयंपाकघरात चालू असतं. तिथे साथ नसेल तर पेशंट फार एकटा पडतो.

पहिली अडचण लपवण्याची. नितीन गडकरींनी २०११ मध्ये मुंबईत हे ऑपरेशन करून घेतलं. तेव्हा ते भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष होते आणि ती बातमी सगळीकडे आली होती. त्यानंतर पुरुष पेशंट थोडे मोकळेपणाने बोलायला लागले. बायका मात्र आजही शेजारीपाजारी ‘हर्नियाचं ऑपरेशन झालं’ असं सांगतात. का, तर ‘खाणं आवरलं नाही म्हणून पोट कापून घेतलं’ हे ऐकावं लागू नये म्हणून. लठ्ठपणा हा आजार आहे. त्यात अनुवंशिकता आहे, हार्मोन्स आहेत, झोप आहे, काही औषधंसुद्धा आहेत. ज्या बाईने पंधरा वर्षांत आठ वेळा डाएट केलं, प्रत्येक वेळी दहा किलो घटवून बारा किलो परत आलेले पाहिले, तिला आळशी म्हणणं हा सरळ अन्याय आहे. आणि लपवलं की पुढची पंचाईत ठरलेली. हर्नियावाल्या बाईने जिलबी का खाऊ नये, याचं उत्तर तिच्याकडे नसतं.

ऑपरेशन कोणाला सुचवतात? आपल्याकडे बऱ्याच वर्षांपासूनचा निकष असा, की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ३७.५ च्या वर, किंवा मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं असं काही सोबत असेल तर ३२.५ च्या वर. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईसाठी हे आकडे साधारण नव्वद किलो आणि अठ्ठ्याहत्तर किलो होतात. पाश्चात्त्य देशांत १९९१ पासून ४० आणि ३५ हे आकडे चालत होते. आपले कमी, कारण आपल्या लोकांची चरबी पोटावर साठते आणि कमी वजनातच मधुमेह गाठतो. २०२२ मध्ये जागतिक पातळीवरचे निकष आणखी खाली आले. पण नुसता आकडा बसला म्हणून कोणी टेबलावर घेत नाही. तपासण्या होतात, मानसोपचारतज्ज्ञ बोलतात आणि मग पेशंट माझ्यासमोर बसतो.

मी पहिल्या भेटीत एक प्रश्न मुद्दाम विचारते: मशेरी लावता का? ‘तंबाखू खाता का’ असं विचारलं की बायका नाही म्हणतात, आणि ते खरंच असतं, कारण त्यांच्या लेखी मशेरी म्हणजे दात घासणं. पण त्यात निकोटीन आहेच. त्याने जखम भरायला वेळ लागतो आणि पुढे, जठर आतड्याला जोडलं असेल तर त्या जोडाशी, अल्सर होऊ शकतो. तेव्हा सासूबाई, तुम्ही लावत असाल तर सुनेसमोर काही महिने तरी डबी काढू नका. तुम्हीही सोडलीत तर उत्तमच.

ऑपरेशनच्या आधी साधारण दोन आठवडे कमी कॅलरीचा, जास्त प्रथिनांचा आहार देतो. ‘आताच उपाशी ठेवलं तर मग ऑपरेशन कशाला?’ असं घरचे विचारतात. बहुतेकांना फॅटी लिव्हर असतं, आणि यकृताचा डावा भाग जठराच्या पुढे आलेला असतो. दुर्बिणीने काम करताना सर्जनला तो उचलून धरावा लागतो. दोन आठवड्यांत यकृत आकसतं, मऊ पडतं आणि जागा मिळते. म्हणून त्या दिवसांत ‘आता पुढे खायला मिळणार नाही बिचारीला’ म्हणत पुरणपोळी करू नका. तुमची माया मला कळते. पेशंटच्या मनातही तेच चाललेलं असतं. एक गृहस्थ आठवडाभर रोज एकेका ठिकाणी जाऊन मिसळ, बिर्याणी, मस्तानी असं ‘शेवटचं’ खाऊन आले आणि माझ्यासमोर रडले. मी रागावले नाही. बापाच्या हाताला धरून पहिल्यांदा मिसळ खाल्लेली असते, त्या चवीशी आपलं नातं असतं. ते तुटणार म्हणून माणूस हळहळतो. त्याला त्या हळहळीसाठी वेळ द्यावा, पण तो ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी नव्हे, दोन महिने आधी.

याच काळात दोन सवयी लावून घ्यायच्या. घास पंचवीस वेळा चावायचा, आणि जेवताना पाणी प्यायचं नाही. आपल्याकडे पानाशेजारी तांब्या-भांडं आधी येतं, म्हणून दुसरी सवय फार जड जाते. मी म्हणते, तांब्या सरळ दुसऱ्या खोलीत ठेवा. जेवणानंतर अर्धा तास झाला की मग तिकडे जायचं.

ऑपरेशन कोणतं ते थोडक्यात सांगते. स्लीव्ह नावाच्या प्रकारात जठराचा साधारण पाऊण हिस्सा, कधी त्याहून थोडा जास्त, काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी ठेवतात. भूक चेतवणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतं, म्हणून सुरुवातीला भूक लागतच नाही. बायपासमध्ये, म्हणजे हृदयाच्या नव्हे, पोटाच्या, जठराची वर लहानशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. मधुमेह जास्त असेल तर सर्जन बऱ्याचदा त्याचा विचार करतात. काहींची शुगर वजन उतरायच्या आधीच, दवाखान्यात असतानाच खाली येते. म्हणून घरी गेल्यावर जुन्या डोसच्या गोळ्या आपल्या मनाने चालू करू नका.

आता घरी आल्यानंतरचे दिवस. पहिले दोन आठवडे फक्त पातळ. गाळलेलं वरणाचं पाणी, ताक, मुगाचं कढण, पाण्यात कालवलेली प्रथिनांची पावडर, आणि हे सगळं घोटघोट. एक घोट घेतला की थांबायचं, मग पुढचा. दिवसभरात दीड लिटरपर्यंत पोचायचं तर पाणी पिणं हेच दिवसाचं काम होऊन बसतं.

माझ्या एक पेशंट होत्या, अठ्ठेचाळीस वर्षांच्या. त्यांना मी सांगितलं, एका वेळी तीस मिलिलिटर, पंधरा मिनिटांनी पुन्हा तीस. त्यांनी घरातल्या सगळ्या वाट्या काढून पाहिल्या. वरणाची वाटी भरून दोनशे मिलिलिटरची, लोणच्याचीसुद्धा मोठी. शेवटी त्यांच्या सासूबाईंनी कपाट उघडलं आणि नातवाच्या उष्टावणाची चांदीची वाटी आणि चमचा काढला. मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगला होता. वाटी काळी पडलेली, तळाशी नाव कोरलेलं. आजींनी ती रांगोळीने घासून लख्ख केली आणि सुनेसमोर ठेवली. ती वाटी तीन चमच्यांत रिकामी व्हायची. त्या बाई मला म्हणाल्या, ‘मॅडम, मी मुलाला जसं भरवलं तसं आता स्वतःला भरवते. घाई केली की तोही ओकायचा.’ मी इतकी वर्षं तक्ते छापून देत होते, पण हे इतक्या नेमकेपणाने मला कधी सांगता आलं नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारते, घरात उष्टावणाची वाटी आहे का?

तिसऱ्या आठवड्यापासून घोटलेलं, मग मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी साधं जेवण. तिथे खरी परीक्षा सुरू होते, कारण आपलं ताटच उलटं आहे. आपण वरणभाताने सुरुवात करतो, मग पोळी-भाजी, उसळ एका कोपऱ्यात. इथे पोटात जागाच चार घासांची. पहिले दोन घास भाताचे गेले तर प्रथिनांसाठी काही उरत नाही. दिवसाला किमान साठ ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा-एक, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात. आपल्या पातळ वरणात किती असेल तुम्हीच बघा. म्हणून आधी अंडं, मासा, पनीर, मटकीची उसळ, मुगाचं धिरडं. मग भाजी. पोट भरल्यासारखं वाटलं की थांबायचं, पोळीची पाळी आली नाही तरी चालेल. ताज्या पोळीचा आणि मोकळ्या भाताचा तसाही गोळा होऊन अडकतो. काही जण वर्षभर पोळी टाळतात.

आणि ‘ताटात टाकायचं नाही’ हा संस्कार. अन्न हे पूर्णब्रह्म म्हणत आपण वाढलो, त्याचा मला आदर आहे. म्हणूनच सांगते, ताटात कमी वाढा. जास्त वाढून मग ‘टाकू नकोस’ म्हणणं ही त्या माणसावर जबरदस्ती आहे. एक घास जास्त झाला तर छातीत कळ येते, तोंडाला पाणी सुटतं आणि तो घास बाहेर येतो.

आग्रहाचं एक उदाहरण सांगते. बायपास होऊन आठ महिने झालेल्या एक ताई लग्नाला गेल्या होत्या. पंगतीत मोठ्या बहिणीने प्रेमाने जिलबी भरवली, एक झाली, मग दुसरी. वीस मिनिटांत घाम फुटला, छाती धडधडायला लागली, पोटात मुरडा आला. वधूपक्षाच्या खोलीत शालूंच्या खोक्यांशेजारी त्या तासभर आडव्या पडून होत्या. आणि बाहेर बोलणं काय चाललं होतं, तर ‘तिला ते ऑपरेशन मानवलं नाही’. याला डंपिंग म्हणतात. गोड पटकन आतड्यात उतरतं आणि शरीर असा गोंधळ घालतं. ऑपरेशन नीटच झालं होतं.

उपवास मोडा असं मी कोणाला सांगत नाही. पण साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याची भाजी म्हणजे नुसता स्टार्च. दूध, दही, पनीर उपवासाला चालतं, त्यावर दिवस काढा आणि गोळ्या चुकवू नका.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात. बायका घाबरून फोन करतात. वजन झपाट्याने उतरल्याचा तो परिणाम असतो. प्रथिनं आणि लोह नीट असेल तर काही महिन्यांत केस परत येतात. मला त्रास होतो तो भेटायला येणाऱ्यांच्या बोलण्याचा. ‘किती सुकलीस गं, चेहराच उतरला, आधीच बरी दिसायचीस.’ अहो, तिला पंचवीस वर्षांत पहिल्यांदा एसटीच्या सीटवर शेजारच्याला न ढकलता बसता आलंय. तरी अजूनही ती बसायच्या आधी क्षणभर उभी राहते, मावेन का बघते. दुकानात गेली की हात आपोआप मोठ्या मापाकडे जातो. शरीर बदललं तरी मनाला ते पटायला वेळ लागतो. लोंबणाऱ्या कातडीची लाज वाटते, नवराबायकोत नवे ताण येतात. पूर्वी दुःख झालं की खायचं, तो रस्ता आता बंद असतो. काही जण, विशेषतः बायपासनंतर, दारूकडे वळतात, आणि ती लवकर चढते, जास्त चढते. घरात हे दिसलं तर दडपू नका, लगेच समुपदेशकाकडे या.

तरुण मुलींच्या बाबतीत आणखी एक सांगायलाच हवं. वजन उतरलं की पाळी नियमित होते, दिवस राहण्याची शक्यता वाढते. घरचे म्हणतात, आता पाळणा हलू द्या. बाईंनो, वर्ष-दीड वर्ष थांबा. वजन वेगाने उतरत असताना बाळाला लागणारं सत्त्व आईच्याच अंगात नसतं. आणि बायपासनंतर नुसत्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नका, डॉक्टरांशी बोलून दुसरा उपाय घ्या.

वजन साधारण दीड वर्षापर्यंत उतरतं, मग थांबतं, पुढे थोडं वाढतंसुद्धा. स्वीडनमध्ये १९८७ पासून अशा पेशंटच्या मागावर राहून केलेला मोठा अभ्यास आहे, त्यातही हेच दिसलं. थोडं परत येतं, बरंचसं येत नाही, आणि ऑपरेशन झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी राहिलं. तेव्हा चार किलो वाढले म्हणून ‘पैसे पाण्यात गेले’ असं तिच्या तोंडावर म्हणू नका. त्यापेक्षा घरातला शेव-चिवड्याचा डबा कुठे आहे ते बघा. घट्ट उसळीला पोट थांबवतं, पण चिवडा, बिस्किटं, आइसक्रीम सरकन उतरतं.

गोळ्या आयुष्यभर. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर, आणि लोहाची गोळी चहाबरोबर नाही. पायाला मुंग्या येऊन चालताना तोल जायला लागला तेव्हा कुठे परत आलेले पेशंट मी पाहिलेत. ‘बरं वाटत होतं म्हणून बंद केल्या’ हे त्यांचं कारण. आणि दिवसात अनेकदा उलट्या होत असतील तर ‘पित्त झालंय’ म्हणून आलेपाक देत बसू नका. सतत उलट्यांनी बी-१ जीवनसत्त्व कमी पडलं तर मेंदूला इजा होते, ती काही वेळा भरून येत नाही. त्याच दिवशी दवाखान्यात या.

त्या चांदीच्या वाटीच्या बाईंकडे मी ऑपरेशननंतरच्या पहिल्या गणपतीत गेले होते. आरती झाली, एकवीस मोदकांचं ताट फिरायला लागलं. एक मावशी बाईंसमोर थांबल्या आणि ‘आजच्या दिवशी तरी’ म्हणत दोन मोदक उचलले. आजींनी आतूनच पाहिलं. त्या आल्या, एक मोदक मोडला, नखाएवढा तुकडा सुनेच्या तळहातावर ठेवला आणि मावशींना म्हणाल्या, ‘प्रसाद कणभरच असतो.’ मग सुनेसमोर मुगाच्या धिरड्याची बशी सरकवली आणि शेजारचा तांब्या उचलून आत घेऊन गेल्या.