घागर मागं सारतात, हे लिहा

(दृश्य: शेणानं सारवलेलं अंगण, वरून.)

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं हे गाव. मलप्रभेचा उगम कणकुंबीला, याच तालुक्यात. पावसाळ्यात इथं आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळतो, तरी वैशाखात घागर लांबूनच आणावी लागते. असं का, ते शोधायला बचत गटाच्या बायका आज अंगणात बसल्यात.

रांगोळीनं रस्ता ओढला. विटकरीच्या चुऱ्यानं घरं, कोळशानं विहिरी. शेजारी बारा महिन्यांचे बारा चौकोन, आणि पाणी असेल तेवढे त्यात चिंचोके. आषाढाच्या चौकोनात मूठभर पडले. वैशाखाच्या चौकोनात एका आक्कानं दोन ठेवले, थोडा वेळ पाहत राहिली, आणि एक उचलून घेतला.

या पद्धतीला आम्ही कार्यकर्ते पीआरए म्हणतो, म्हणजे गावकऱ्यांनीच मिळून केलेली गावाची पाहणी (पार्टिसिपेटरी रुरल अप्रेझल). १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती भारतात रुजली, आणि ती रुजवणाऱ्यांत कर्नाटकातली मायराडा ही संस्था पुढं होती. पेन धरायला बिचकणारी बाई रांगोळी मात्र बेधडक ओढते, म्हणून नकाशा जमिनीवर.

पण तिन्हीसांजेला अंगण झाडलं जाणार. म्हणून बायका उठायच्या आत स्टुलावर चढून फोटो घ्यायचा, नकाशा कागदावर जसाच्या तसा उतरवायचा. त्यावर तारीख, उत्तर दिशा, काढणाऱ्यांची नावं आणि खुणांचा अर्थ हवाच. काळा ठिपका म्हणजे विहीर, हे लिहिलं नाही तर महिन्याभरात तो नुसता ठिपका उरतो. आमच्या एका जुन्या कार्यशाळेचे तक्ते गुंडाळून माळ्यावर ठेवले होते. वाळवीनं खाल्ले. त्या गावानं दिलेला अख्खा दिवस आम्ही घालवला, याची बोच अजून आहे.

(दृश्य: कंदिलाशेजारी वही. वाचन चालू.)

इतिवृत्त त्याच संध्याकाळी, सगळ्यांसमोर, मोठ्यानं वाचायचं. आमच्या ताईंनी वाचलं, ‘पाणीवाटपात असमानता आढळली.’

कोपऱ्यातून आक्का म्हणाली, “ताई, आमची घागर मागं सारतात, हे कुठं गेलं?”

खरंच, कुठं गेलं होतं? ‘असमानता’ या शब्दात ना घागर होती, ना ती सारणारा हात. ताईंनी ओळ खोडली आणि आक्काचं वाक्य तसंच लिहिलं. माझ्या मते दिवसभरातलं सगळ्यात मोलाचं काम हेच.

मग ठराव: काय करायचं, कुणी, कुठल्या तारखेपर्यंत. गाळ काढायचं ठरलं. पाणी भरायच्या पाळीचं ठरलं नाही, तेही ‘ठरलं नाही’ म्हणूनच नोंदलं, दोन्ही बाजूंच्या म्हणण्यासकट.

पंचायतीचं दप्तर कन्नडमध्ये, बोलणं मराठीत. त्यामुळं नोंद दोन्ही भाषांत हवी. आपली बाव, त्यांची बावी, तिथं अडत नाही. घागरीच्या वाक्यापाशी मात्र दोन्ही भाषा येणारी सून बराच वेळ अडली. तिनं कन्नड वाक्य केलं, पुन्हा मराठीत उलटवून आक्काला ऐकवलं. आक्कानं मान हलवली, तेव्हाच ते कागदावर गेलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तिनंच दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकलं.

(दृश्य: सकाळ. अंगणवाडीची भिंत.)

मूळ नकाशा गावाचा, म्हणून तो गावातच राहिला. आम्ही नेली ती नक्कल. खळीनं चिकटवलेला कागद अजून ओला आहे. शेतावर निघालेली एक बाई थांबते. काल ती आली नव्हती. नकाशावर बोट फिरवत ओढ्यापलीकडं नेते.

“आमचं घर कुठाय ह्यात?”

ताई पेन्सिल तिच्या हातात देतात.