तार फिरवली, टोक फिरलं का?

हृदयाच्या धमनीत तार नेणाऱ्या यंत्राच्या जॉयस्टिकबद्दल बोलायच्या आधी हाताबद्दल थोडं बोलू. देवापुढच्या वाती वळताना कापूस चिमटीत कसा फिरतो ते आठवा. अँजिओप्लास्टी करणारा, म्हणजे अरुंद झालेली धमनी आतून मोकळी करणारा, डॉक्टर गाइडवायर ही वाट काढणारी तार साधारण तशीच फिरवतो. ही तार ०.०१४ इंच, म्हणजे जेमतेम ०.३६ मिलिमीटर जाडीची. चिमटीपासून तिच्या टोकापर्यंत मीटरभराहून जास्त अंतर, आणि मध्ये मनगटापासून हृदयापर्यंतची सगळी वळणं. टोक कुठे अडलं की बोटांना बारीकसा फरक लागतो. पतंग उडवणाऱ्याला मांज्यातून कळतं ना, तसंच.

मग इतकं जमलेलं असताना मध्ये यंत्र कशाला? १९७७ साली झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी हृदयाच्या धमनीची पहिली अँजिओप्लास्टी केली, तेव्हापासून हे काम करणारा डॉक्टर क्ष-किरणांच्या शेजारी उभा आहे. अंगावर पाच-सात किलोचा शिशाचा एप्रन, तोही तासन् तास. पाठीचे मणके बोलायला लागतात. कॉरपाथ या, जॉयस्टिकच्या हुकमाने मोटरीकडून तार हलवणाऱ्या यंत्राने डॉक्टरला शिशाच्या आडोशामागे खुर्चीत बसवलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या १६४ रुग्णांच्या अभ्यासात डॉक्टरपर्यंत पोचणारं रेडिएशन टेबलाजवळच्या मानाने ९५ टक्क्यांनी कमी भरलं. हा फायदा खराच आहे. पण त्याच खुर्चीत बसल्यावर चिमटीतला मांजा सुटतो. कॉरपाथची जॉयस्टिक हाताला काहीही परत सांगत नाही. डॉक्टर पडद्यावर तारेचं टोक कसं वाकतंय ते बघून अंदाज बांधतो.

आता मुख्य अडचण. लांब, बारीक तारेला इकडून पाव वळसा दिला की तिकडे लगेच पाव वळसा येईलच असं नाही. आणखी थोडं फिरवलं, तरी टोक ढिम्म. घर्षणाने पीळ मध्येच साठत जातो, आणि मग एकदम सुटून टोक गर्रकन फिरतं. हाताने काम करणारा हे सावरून घेतो, कारण साठत चाललेला पीळ त्याला चिमटीत लागतो. मोटरीला तो लागेलच असं नाही, आणि लागला तरी ती तो कोणाला सांगणार, हे आपणच ठरवायचं असतं.

आम्ही बनवत असलेल्या अशाच यंत्राच्या पहिल्या नमुन्यात आम्ही पडद्यावर मोठ्या दिमाखात तारेचा कोन दाखवला होता. नव्वद अंश, एकशे ऐंशी अंश, हिरव्या आकड्यांत. एक ज्येष्ठ हृदयरोगतज्ज्ञ बसले, रक्तवाहिन्यांऐवजी ठेवलेल्या सिलिकॉनच्या नळ्यांतून तार नेली आणि दहा मिनिटांत एकदाही त्या आकड्याकडे बघितलं नाही. उठताना म्हणाले, ‘‘हा मोटरीचा कोन आहे. टोकाचा कोन मला क्ष-किरणात दिसतो, आणि दोघांचं जमत नाहीये. मग हा आकडा कोणासाठी लावलाय?’’ आम्ही दिलेला हुकूम आम्ही घडलेली गोष्ट म्हणून छापत होतो. हा आपल्या, म्हणजे यंत्रांचे पडदे आणि दांडे बनवणाऱ्यांच्या, धंद्यातला सगळ्यात जुना खोटेपणा, आणि तो हेतुपुरस्सर नसतो म्हणून लवकर सापडत नाही.

स्टिरिओटॅक्सिस या कंपनीच्या चुंबकी यंत्रणेत हाच प्रश्न वेगळ्या वेषात येतो. रुग्णाच्या दोन्ही बाजूंना मोठे चुंबक, कॅथेटरच्या, म्हणजे हृदयात नेलेल्या बारीक नळीच्या, टोकात छोटे. पडद्यावर बाण वळवला की चुंबकीय क्षेत्र तिकडे वळतं. पण बाण दाखवतो ती क्षेत्राची दिशा. टोक हृदयाच्या भिंतीला टेकलं असेल तर ते बाणाबरोबर पूर्ण वळेल याची हमी नाही.

हॅन्सन मेडिकल या कंपनीच्या, कॅथेटर चालवणाऱ्या सेन्सेई यंत्रणेने स्पर्श परत आणायचा प्रयत्न केला, आणि त्यातली युक्ती मला आजही आवडते. टोकावर सेन्सर बसवण्याऐवजी त्यांनी कॅथेटर तालात किंचित आत-बाहेर हलवत ठेवला आणि मागच्या टोकाला किती जोर लागतो ते मोजलं. पुढे अडथळा आला की तो जोर बदलतो. दार बंद आहे का हे आपण हलकेच ढकलून बघतो, तसंच.

सेन्सेईचा दांडा कॉरपाथपेक्षा वेगळ्या तत्त्वावर चालायचा. तिथे हात जिकडे, तिकडे टोक. कॉरपाथमध्ये दांडा जितका ढकलाल तितक्या वेगाने तार पुढे जाते, सोडला की थांबते. मला विचाराल तर या कामात हात सोडल्यावर काय होतं, हा प्रश्न हात ढकलल्यावर काय होतं यापेक्षा मोठा आहे. दचकलेला माणूस आधी हात सोडतो. मात्र ‘थांबली’ हाही मोटरीचाच निरोप. आत पीळ शिल्लक असेल तर मोटर थांबल्यावरही टोक फिरू शकतं, आणि हृदय तर धडधडतच असतं.

डिसेंबर २०१८मध्ये हृदयरोगतज्ज्ञ डॉ. तेजस पटेल यांनी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिराच्या आवारातून सुमारे ३२ किलोमीटरवर, अहमदाबादच्या रुग्णालयात असलेल्या रुग्णांवर कॉरपाथने अँजिओप्लास्टी केली. पाच रुग्ण. टेबलाजवळ सज्ज पथक होतंच. अंतराचं कौतुक सगळ्यांनी केलं. माझं लक्ष विलंबाकडे. चित्र उशिरा येऊ लागलं की माणूस आपोआप थोडं हलवतो, थांबतो, बघतो, पुन्हा हलवतो. अशा वेळी दांड्याच्या एका टिचकीला एक मिलिमीटर असं मोजून मापून सरकवणं बरं. कॉरपाथच्या टचस्क्रीनवर तशी सोय होती.

आत्ता एकाने चिठ्ठी पाठवली आहे: व्हिडिओ गेमचा कंट्रोलर का नाही वापरत? वापरता येईल, वेग सांगायला तो वाईट नाही. पण त्याला कोपर लागलं तरी खेळ चालू होतो. म्हणून एक वेगळं बटण हवं, जे दाबून धरल्याशिवाय दांडा मेलेला राहील.

इथे टेबलावर सिलिकॉनची नळी, तार आणि आमचा दांडा ठेवला आहे. पुढे या. आधी चिमटीने फिरवून बघा, मग दांड्याने. नळीवर कापड टाकलंय, ते काढू नका.