स्वसंरक्षणासाठी कराटे, ज्युदो की बॉक्सिंग? नाव नंतर, आधी क्लास बघा

नमस्कार मंडळी! प्रत्येक व्हिडिओखाली तुमचा एकच प्रश्न असतो: स्वसंरक्षणासाठी नेमकं काय शिकू?

आधी ओळख पटकन उरकू. बॉक्सिंगमध्ये ठोसे मारणं आणि चुकवणं. मुए थाईत त्यावर लाथा, गुडघे, कोपर. ज्युदो आणि कुस्तीत पाडणं, ब्राझिलियन जिउ-जित्सूत जमिनीवरची झटापट. हे बहुतेकांना माहीत असतंच.

पण नावावरून निवडू नका. एकच गोष्ट बघा: सरावात समोरचा माणूस विरोध करतो का?

मनगट सोडवायचं उदाहरण घ्या. हा बघा माझा हात. पकडीची कच्ची जागा म्हणजे अंगठा आणि बोटांची टोकं यांच्यामधली फट. मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवायची, कोपर वाकवून समोरच्याच्या कोपराकडे न्यायचं, हात त्या फटीतून सुटतो. सरळ मागे ओढलात तर तुमची ताकद त्याच्या चार बोटांशी भिडते.

क्लासमध्ये हे पहिल्याच झटक्यात जमतं, कारण जोडीदार सैल धरून पुतळ्यासारखा उभा असतो. आता त्याला सांगा, घट्ट धर, ओढ, दुसऱ्या हाताने ढकल. लगेच फसतं! ओढलं की तुमचा तोल पुढे जातो, कोपर सरळ होतं आणि ती फट सापडतच नाही. म्हणून आधी पाय: गुडघे वाकवा, तो ओढतोय त्याच दिशेने एक पाऊल टाका, मग कोपर. हा पायांचा भाग पुतळ्यासोबत कधीच शिकता येत नाही.

एक कमेंट सारखी येते: ‘आमची तंत्रं इतकी घातक आहेत की जोडीदारावर पूर्ण जोरात करताच येत नाहीत.’ अहो, हीच तर अडचण आहे! जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये ज्युदो सुरू केला, तेव्हा इजा करणारी तंत्रं कातात, म्हणजे आधी ठरलेल्या हालचालींच्या सरावात, ठेवली आणि रांदोरीत, म्हणजे मोकळ्या झुंजीत, दोघांना जोर लावता येईल अशीच तंत्रं ठेवली. हवेत डोळ्यांत बोटं घालण्यापेक्षा, पडायला तयार नसलेल्या माणसाला हजार वेळा पाडलेलं जास्त उपयोगी पडतं.

तीच गोष्ट चाकूची, आणि याबद्दल फार तळमळीने सांगावंसं वाटतं. चाकू हिसकावून घ्यायच्या सरावात हल्लेखोर एक वार करतो आणि हात तसाच पुढे धरून ठेवतो. खरा माणूस हात मागे घेऊन पुन्हा वार करतो, पुन्हा करतो. जुना पांढरा टीशर्ट आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा घाला, जोडीदाराला मार्कर द्या, थांबू नकोस म्हणा. वीस सेकंदांनी टीशर्टवरच्या रेघा मोजा. चाकू दिसला आणि वाट मोकळी असेल तर पळा, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

उघड्या मुठीबद्दलही विचारता. ग्लोव्हशिवाय कवटीवर ठोसा बसला तर करंगळीच्या खालचं तळहाताचं हाड मोडू शकतं. डोक्यावर मारायचंच झालं तर तळहाताच्या मनगटाजवळच्या जाड भागाने मारा.

आता क्लास. विरोध हवा म्हणजे पहिल्याच आठवड्यात डोक्यावर जोरात मार खायचा असं नाही, तसा क्लास लगेच सोडा. चांगल्या ठिकाणी आधी पडायला शिकवतात: हनुवटी छातीला, श्वास सोडायचा, तळहात आणि कोपरापर्यंतचा हात एकदम जमिनीवर आपटायचा. हात मागे टेकवलात तर मनगट जातं. मग मर्यादित झुंज: एकाने फक्त जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारायचा, दुसऱ्याने फक्त चुकवायचा, दोन मिनिटं. माउथगार्ड हवाच.

पहिल्या दिवशी स्वतः उतरू नका. कडेला बसून जुन्या विद्यार्थ्यांची झुंज बघा. पकडीत अडकलेल्याने हाताने थाप मारली, म्हणजे ‘सोड’ अशी खूण केली, की समोरचा त्याच क्षणी सोडतो का, आणि सोडत नसेल तर शिक्षक मध्ये पडतात का, तेवढं नीट बघून या.