पैसे भरण्याआधी उजवीकडची चौकट वाचा

[पडद्यावर: स्टीमवरच्या रिव्ह्यूंचा आलेख, मे 2024]

स्टीम म्हणजे पीसीवरचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान. तिथल्या या आलेखात वर निळे रकाने आहेत, ते पसंतीचे. 3 मे 2024 नंतर खाली लाल रकाने किती लांबले बघा. हा गेम हेलडायव्हर्स 2. स्वीडनच्या ॲरोहेडनं बनवलेला, सोनीनं 8 फेब्रुवारीला बाजारात आणलेला. सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्क या ऑनलाइन सेवेचं अकाउंट लागेल असं दुकानाच्या पानावर लिहिलेलं होतं. पण पहिल्या दिवसांत तांत्रिक अडचणी आल्या आणि ती पायरी वगळून खेळायची मुभा मिळाली. तीन महिने लोक तसेच खेळले.

मग घोषणा आली. नव्या खेळाडूंना 6 मेपासून आणि जुन्यांना 30 मेपासून अकाउंट जोडणं सक्तीचं, शेवटची मुदत 4 जून.

[पडद्यावर: जगाचा नकाशा, एकेक देश राखाडी होत जातो]

प्लेस्टेशन नेटवर्क चालतं सुमारे 70 देशांत. स्टीमची विक्री त्याहून कितीतरी जास्त देशांत होत होती. फिलिपिन्स, एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया इथल्या लोकांनी रीतसर पैसे भरले होते, आणि आता त्यांना अकाउंटच उघडता येणार नव्हतं. स्टीमची माहिती टिपणाऱ्या स्टीमडीबी या साइटच्या नोंदीत 177 देश-प्रदेशांतून गेमची विक्री थांबलेली दिसली. 2 लाखांहून जास्त नापसंतीचे रिव्ह्यू पडले आणि 6 मे रोजी सोनीनं सक्ती मागे घेतली. त्या देशांतली विक्री मात्र लगेच सुरू झाली नाही.

भारतात हे नेटवर्क आहे, त्यामुळे आपल्याकडे गेम चालू राहिला. पण इतर गेमच्या अशा अटी आपल्यालाही लागू होतात. त्या कुठे लिहिलेल्या असतात, ते आता बघू.

[पडद्यावर: स्टीमचं पान, माउस हळूहळू खाली]

ट्रेलर सोडून द्या. उजव्या बाजूनं खाली या. एकट्यानं खेळायचा की ऑनलाइन, कंट्रोलर चालतो का, हे सगळं जिथे लिहिलंय तिथेच ही पिवळसर चौकट असते. तिच्यात तीन गोष्टी शोधा.

पहिली, दुसऱ्या कंपनीचं अकाउंट. युबिसॉफ्ट या कंपनीचा गेम स्टीमवर घेतला तरी पहिल्यांदा उघडताना युबिसॉफ्ट कनेक्ट हा तिचा लॉन्चर, म्हणजे गेम सुरू करणारा प्रोग्रॅम, इन्स्टॉल होतो, लॉगिन मागतो, आणि गेमची की, म्हणजे परवान्याचा कोड, त्या अकाउंटला कायमची चिकटते. भावाचं किंवा जुनं विसरलेलं अकाउंट तेव्हा लॉगिन असेल, तर गेम तिकडे जातो. म्हणून आधी लॉन्चर उघडून कोणाचा ईमेल दिसतो ते तपासा, मग गेम सुरू करा. प्लेस्टेशनचं अकाउंट उघडताना देश नीट निवडा. तो नंतर बदलता येत नाही. परदेशी शिकायला जाणाऱ्यांची अडचण इथेच होते. 18 वर्षांखालच्या मुलांना पालकाच्या अकाउंटखालीच नोंद करावी लागते.

दुसरी, डिनुव्हो, म्हणजे गेमच्या चोरट्या प्रती रोखणारं सॉफ्टवेअर. तिथे बहुतेक वेळा एका दिवसात 5 वेगवेगळ्या पीसींची मर्यादा लिहिलेली असते. एकाच पीसीवर खेळणाऱ्याला ती जाणवत नाही. स्टीम डेक या हातात धरायच्या पीसीवर किंवा लिनक्सवर मात्र विंडोजचे गेम चालवणाऱ्या प्रोटॉनची आवृत्ती बदलली की तो नवा पीसी मोजला जातो. गेम नीट चालावा म्हणून चार-पाच आवृत्त्या लावून पाहिल्या की दिवसभर कुलूप.

तिसरी, अँटी-चीट, म्हणजे खेळातली लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर. सप्टेंबर 2024 मध्ये जीटीए ऑनलाइनला बॅटलआय हे अँटी-चीट लागलं आणि स्टीम डेकवर ते चालेनासं झालं. गेम जुना, पैसे जुने, अट नवी.

फॅमिली शेअरिंगच्या, म्हणजे एकानं घेतलेला गेम घरच्यांनी खेळायच्या सोयीच्या, भरवशावर असाल तर हीच चौकट पुन्हा वाचा. वेगळी की किंवा वेगळं अकाउंट मागणारे गेम अनेकदा घरात वाटून खेळता येत नाहीत.

[पडद्यावर: द क्रूचा शेवटचा दिवस, रिकामे रस्ते]

ऑनलाइन अटीचं टोक बघा. 31 मार्च 2024 ला युबिसॉफ्टच्या द क्रू या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर बंद झाले. एकट्यानं खेळायचा भागही त्यांच्यासोबत गेला.

[पडद्यावर: स्टीम सपोर्टचं पान]

आता पैसे परत मागण्याची पद्धत. खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि खेळण्याची वेळ 2 तासांपेक्षा कमी, या दोन्ही गोष्टी लागतात. लॉगिन अडकलं म्हणून लॉन्चर उघडा ठेवून जेवायला गेलात तर तो वेळही मोजला जाऊ शकतो. आधी तो बंद करा. मग स्टीम सपोर्ट, खरेदीची यादी, गेम, परताव्याचा पर्याय. मंजुरीनंतर साधारण आठवड्याभरात रक्कम येते. पैसे भरलेल्या मार्गानं परत पाठवता येत नसेल तर स्टीमच्या वॉलेटमध्ये जमा होते.

फेब्रुवारीत हेलडायव्हर्स 2 घेणाऱ्यांची 14 दिवसांची मुदत मे महिन्यात केव्हाच संपली होती. अट उशिरा लादली की हा नियम ग्राहकाच्या कामाचा राहत नाही, आणि आमचा आक्षेप नेमका यावर आहे. खरेदीच्या दिवशी त्या चौकटीचा तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा. परताव्याच्या अर्जात टीप लिहायला जागा असते. मुदत उलटलेली असली तरी अर्ज करता येतो. घेताना काय लिहिलं होतं आणि आता काय मागितलं जातंय, ते तिथे दोन ओळींत लिहा.